भूक नाही की उपास? (गीता ६.१६-१७)



आज सहाव्या अध्यायातले श्लोक १६ आणि १७. अर्थ थोडक्यात असा: अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं बेताचं आहे, त्याचं दुःख योगाने जातं.

ध्यानाच्या अध्यायात भगवंत थेट जेवणा-झोपेवर येतात, हे मला फार आवडतं. माझा घटस्फोट चालू होता तेव्हा हे दोन श्लोक माझ्या लॉकस्क्रीनवर होते. म्हणून आज त्या काळाबद्दलच.

तो काळ लांब असतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबणं. (योग्य प्रकरणात कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. पण ते गृहीत धरू नका.) म्हणजे दीड वर्ष तरी माणूस ना इकडचा ना तिकडचा. कपाट अर्धं रिकामं, संध्याकाळ पूर्ण रिकामी. सवयी शिरतात त्या इथे.

दारूचं काय सांगायचं? पेग घेतला की झोप पटकन लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. मग तीन वाजता वकिलाचा मेल पुन्हा वाचला जातो. दुसरं म्हणजे समोरच्याचा डीपी आणि लास्ट सीन बघत बसणं. दुसऱ्या अध्यायातली साखळी (श्लोक ६२-६३) आठवा: चिंतन, आसक्ती, कामना, क्रोध, मोह, स्मृतीचा गोंधळ, बुद्धिनाश. क्रोधापर्यंत पोचल्यावर थांबणं फार कठीण, पहिल्या कडीवर त्या मानाने सोपं. बग प्रॉडक्शनला जायच्या आधी पकडावा तसं. मी ते चॅट आर्काइव्ह केलं आणि कोर्टाचं सगळं बोलणं ईमेलवर नेलं.

पण मला जास्त काळजी वाटते ती चांगल्या दिसणाऱ्या सवयींची. ऑफिसात चौदा तास बसलं की मॅनेजर खूश. आणि आपण भाविक मंडळी तर एकादशीला जोडून सोमवार, गुरुवार, शनिवारही धरतो, रात्रभर जप करतो. घरचे कौतुक करतात. भूक मेलीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण तिला उपास हे नाव मिळालेलं असतं. श्लोक १६ न खाणाऱ्याला आणि जागणाऱ्याला सूट देत नाही, देवासाठी का असेना. माऊलींनीही ज्ञानेश्वरीत इथे आहार, बोलणं, चालणं सगळं मोजकंच सांगितलंय, आणि झोपेलासुद्धा तिच्या वेळी मान द्यायला सांगितलंय. झोपेला मान! आपल्या आयटीवाल्यांना हे कोण सांगतं?

ओळखायचं कसं? उपास सोडायच्या दिवशी ताटावर बसून नीट जेवता येतंय का ते बघा. जप संपल्यावर आईशी दोन वाक्यं बोलता येतात का, तेही बघा. माझं रूटीन साधं होतं: रात्री आठला वरण-भात, एक माळ, अकराला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. एकाच्या जागी दहा माळा कराव्याशा वाटल्या, की त्या दिवशी ताईला फोन करायचा, हा नियम.

दोन आठवडे झोप-भूक दोन्ही गेली असेल तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर आत्ताच कुणाशी तरी बोला. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू. माळ हातात ठेवूनही फोन लावता येतो.

उद्या श्लोक १८ घेऊ.

जय हरी.