जुनी छायाचित्रे : जतन आणि दुरुस्ती

१४ एप्रिलसाठी निळ्या पताका कातरणारे हात ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या घराघरांत आहेत. तेच कौशल्य जुन्या छायाचित्रांच्या जतनासाठी वापरावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या पिढीचे अनेक घरांत एखादेच छायाचित्र उरले आहे.

प्रथम ते स्कॅन करावे. ती प्रत तशीच ठेवून दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करावी. डाग, चिरा काढाव्यात. मात्र आजीच्या लुगड्याचे ठिगळ पुसू नये. तो तिच्या कष्टांचा पुरावा आहे. मूळ छायाचित्राला गोंद लावू नये. जाड कागदाचे चार कोपरे करून त्यांत ते बसवावे. खाली नाव, गाव, वर्ष लिहावे. ही माहिती सांगणारी वडीलधारी माणसे आहेत, तोवरच हे काम करावे.