स्वस्त दुधाची किंमत कोण मोजतो?

प्रश्न: दूध स्वस्त झाले तर बिघडते कुठे?

उत्तर: महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा खरेदीदर सामान्यतः ३.५ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारी प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार, या प्रमाणावर ठरतो आणि त्याहून प्रत उतरली की दर कापला जातो. गाय वर्षातून साधारण दोन महिने भाकड राहते, परंतु वैरण, सरकी पेंड आणि औषधपाणी यांचा खर्च थांबत नाही. शिवाय पहाटे धारा काढण्यापासून शेण उचलण्यापर्यंतचे घरच्या बायकांचे श्रम हिशेबात धरलेच जात नाहीत, आणि हाच या व्यवहारातील सर्वांत मोठा अन्याय होय. अतिरिक्त दुधाची भुकटी केली जाते. भुकटीचे भाव पडले की खरेदीदरही कोसळतो, पिशवीची किंमत मात्र त्या प्रमाणात क्वचितच उतरते. राज्य शासनाने २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपये व पुढे ७ रुपये अनुदान दिले, तथापि त्याने तूट तेवढ्यापुरती भरली, दर ठरवण्याची पद्धत तीच राहिली. ग्राहकाचीही यातून सुटका नाही, कारण अतिस्वस्त सुट्या दुधात पाणी घालून ते लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीवर) पकडले जाऊ नये म्हणून साखर किंवा युरिया मिसळण्याचे प्रकार घडतात.