टीव्हीवरची कचेरी

आमच्या वाडीतल्या एका काकींचा शेजाऱ्याशी तंटा होता. गडग्याला लागून एक माड. तो कोणाचा? काकी मला म्हणाल्या, "मास्तरानू, माका टीव्हीवरच्या कचेरीत जावचा आसा. थंय घटकाभरात निकाल लागता."

ती कचेरी कसली, ते ऐका. २००८ साली स्टार प्लसवर 'आप की कचहरी' सुरू झाली. निवाडा किरण बेदी देत. त्या मोठ्या पोलीस अधिकारी होत्या, न्यायाधीश नव्हत्या. त्याआधी अमेरिकेत १९८१ साली 'द पीपल्स कोर्ट' निघाले. तिथे जोसेफ वॉप्नर हे निवृत्त न्यायाधीश बसत. भांडण खरे, माणसेही खरी. पण निकाल मान्य आहे असे दोघेही आधीच लिहून देत. हरणाऱ्याचे पैसे कार्यक्रमाचे निर्माते भरत. मग हरायला कोण भिईल?

मी काकींना मालवणच्या कोर्टात लोकअदालतीला नेले. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. दोघांची तडजोड झाली तरच निवाडा लिहितात. तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. काकींनी कागद दोनदा वाचला. एक ओळ बदलून घेतली. मग सही केली. माड शेजाऱ्याचा ठरला, नारळ निम्मे निम्मे.