भाच्यास पत्र : डॉ. आनंद देशपांडे यांच्या उद्योगाविषयी आणि दानाविषयी

लांजी, जि. बालाघाट



चिरंजीवाने नागपूरहून पाठवलेल्या पत्रात दोन विचार मांडले आहेत : संगणक अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष सोडून मित्रांसोबत कंपनी काढावी, आणि तिच्यातून पुरेसा पैसा हाती आला की मग लांजीसाठी काही करावे. दोन्ही विचारांमागची उमेद खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्यांत शिक्षण, उद्योग आणि दान यांचा जो क्रम धरला आहे तो तपासून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक डॉ. आनंद देशपांडे यांचे चरित्र चिरंजीवाने नीट वाचावे, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा आहे. मोठ्या उद्योजकांची नावे पुष्कळ आहेत. हे नाव निवडण्याचे कारण इतकेच की हा माणूस मध्य प्रदेशात वाढलेल्या मराठी घरातला आहे.

त्यांचे बालपण भोपाळला गेले. वडील सुरेश देशपांडे हे भेल, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्यात नोकरीला होते, आणि त्या कारखान्याच्या वसाहतीत देशभरातून आलेली कुटुंबे एकत्र राहत असत. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती तोवर बालाघाट जिल्ह्यातल्या मराठी माणसाला सरकारदरबार जवळचा वाटत होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर वेगळ्या राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली, आणि लांजीच्या मराठी घरांत आपण आता कडेला पडलो अशी भावना रुजली, ती आजच्या मुलांच्या बोलण्यातूनही अधूनमधून डोकावते. भोपाळच्या वसाहतीत वाढलेल्या या मुलाने मात्र कडेला असण्याचे दुःख केले नाही, हे चिरंजीवाने ध्यानात घ्यावे. त्याच वेळी हेही मान्य करावे की नियमित पगाराचे घर, चांगली शाळा आणि शिक्षणाची कदर करणारे आईवडील हे भांडवल त्यांच्यापाशी आधीपासून होते. ज्याच्या घरी ते नाही त्याची वाट अधिक अवघड असते, आणि चरित्रे वाचताना ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही.

खरगपूरच्या आयआयटीतून 1984 साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात गेले आणि 1989 पर्यंत तिथे राहून त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. त्यांचा विषय होता माहितीसाठ्यांची, म्हणजे डेटाबेसची, एक विशिष्ट रचना, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा उद्योग समजणार नाही. एडगर कॉड या शास्त्रज्ञाने 1970 साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत सगळी माहिती तक्त्यांत ठेवतात आणि तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत एकच किंमत असावी असा दंडक असतो. धान खरेदी केंद्रावरची नोंदवही डोळ्यांसमोर आणली तर अडचण लगेच दिसते : एका शेतकऱ्याने तीन वेगवेगळ्या दिवशी धान आणले, दर वेळी पोती निराळी, वजन निराळे, ओलावा निराळा, मग एका चौकटीत एकच किंमत ठेवायची तर शेतकऱ्यांचा एक तक्ता आणि आवकीचा दुसरा तक्ता करून दोहोंना नोंदणी क्रमांकाने जोडावे लागते. त्याऐवजी शेतकऱ्याच्या नावापुढच्या चौकटीतच त्याच्या आवकीचा छोटा तक्ता बसवता आला तर? तक्त्याच्या पोटात तक्ता ठेवणाऱ्या या रचनेला नेस्टेड रिलेशनल डेटाबेस म्हणतात, आणि ती कागदावर मांडणे सोपे असले तरी प्रत्यक्ष संगणकावर वेगाने चालवणे कठीण असते. देशपांडे यांचे संशोधन नेमके त्या प्रत्यक्ष उतरवण्याबद्दलचे होते. तेव्हा हा विषय बाजारात गाजत नव्हता आणि पाहणाऱ्याला कोरडा वाटावा असाच होता. तरीही पुढे जी कंपनी उभी राहिली तिची पहिली कामे याच विषयाच्या आसपासची होती, आणि परदेशी कंपन्यांनी पुण्यातल्या एका अनोळखी संस्थेवर विश्वास टाकला तोही या विद्येमुळेच. शेवटचे वर्ष सोडण्याचा विचार करणाऱ्या मुलाने या ठिकाणी थांबून विचार करावा. पदवीचा कागद फार महत्त्वाचा आहे असे कोणी म्हणत नाही. पण एखादा विषय इतका आत्मसात करावा की दूरच्या माणसाला त्यासाठी आपल्याकडेच यावे लागेल, ही गोष्ट घाईने साधत नाही.

पीएच.डी. नंतर काही काळ त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील एचपीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि 1990 साली भारतात परतून पर्सिस्टंट सिस्टिम्सची स्थापना केली. संगणकातला प्रोग्राम बंद झाल्यावरही माहिती टिकून राहावी यासाठीच्या तंत्राला संगणकशास्त्रात पर्सिस्टन्स म्हणतात. कंपनीचे नाव तिथून आले. ती वेळ अनुकूल नव्हती. आर्थिक सुधारणा 1991 च्या जुलैत सुरू व्हायच्या होत्या, परकीय चलन तोकडे होते, बाहेरून संगणक आणायचा तर परवान्यांचे हेलपाटे घालावे लागत. त्याच सुमारास केंद्र सरकारने पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू केले; तिथे निर्यातीसाठी काम करणाऱ्यांना आयातकरात सूट मिळे आणि उपग्रहामार्फत परदेशाशी माहितीची देवाणघेवाण करण्याची सोय होई. त्या काळात बहुतेक भारतीय कंपन्या आपले अभियंते ग्राहकाच्या कार्यालयात पाठवून त्यांच्या तासांचे पैसे घेत असत. पर्सिस्टंटने निराळा मार्ग धरला : ज्या कंपन्या स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकतात त्यांचे उत्पादनच इथे बसून घडवून द्यायचे. यात ग्राहक कमी मिळतात आणि चूक झाली तर ती थेट उत्पादनात उतरते, म्हणून खात्रीचे ज्ञान असणाऱ्यालाच हा मार्ग झेपतो. वडीलही निवृत्तीनंतर या कामात आले आणि प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव मुलाच्या नावासोबत लागले. मराठी मध्यमवर्गात मुलाने नोकरी सोडून धंद्यात पडणे हा घरात अबोला धरण्याचा विषय असे, तेव्हा एका निवृत्त नोकरदाराने मुलाच्या धंद्यात त्याच्या शेजारी बसावे, हे या चरित्रातले फारसे न सांगितले जाणारे पण मोलाचे प्रकरण आहे.

वाढ सावकाश झाली. इंटेलच्या गुंतवणूक शाखेने 2000 साली भांडवल घातले. समभागांची पहिली जाहीर विक्री, म्हणजे सामान्य लोकांना कंपनीची मालकी विकत घेऊ देणे, ती 2010 साली झाली. स्थापनेपासूनची ही मधली वीस वर्षे चिरंजीवाने मोजून पाहावीत, कारण आजच्या स्टार्टअपच्या बोलण्यात दोन वर्षांच्या पुढचा हिशेब सहसा येत नाही. नागपूरच्या परसोडी येथील आयटी पार्कात या कंपनीच्या इमारतीला गार्गी-मैत्रेयी हे नाव आहे. चिरंजीवाने ती बाहेरून तरी पाहून यावी. लांजीचा मुलगा आमगावला गाडीत बसतो आणि नागपूरला उतरतो, आणि आता त्याला त्याच शहरात जागतिक दर्जाचे काम मिळू शकते, ही सोय मागच्या पिढीला नव्हती. पुढे 2020 साली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद संदीप कालरा यांच्याकडे आले आणि देशपांडे अध्यक्षपदी राहिले. 2022-23 या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले.

आता दानाविषयी. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. पर्सिस्टंट फाउंडेशन हा न्यास त्याआधी, 2009 साली स्थापन झाला होता. म्हणजे कायद्याची वाट पाहिली गेली नव्हती. पण त्याहून बोलके काम आहे ते देशपांडे दांपत्याने काढलेल्या दे आसरा फाउंडेशनचे. ही ना-नफा संस्था लहान व्यावसायिकांना, म्हणजे खानावळ, पिठाची गिरणी, शिवणकाम, ब्युटी पार्लर, दुरुस्तीचे दुकान असे धंदे चालवणाऱ्यांना नोंदणी, परवाने, कर्जाचे अर्ज, हिशेब आणि जाहिरात यांत मदत करते, आणि ‘यशस्वी उद्योजक’ हे मराठी मासिकही तिच्याच आधाराने चालते. यामागचा तर्क असा की मोठ्या कंपन्या कितीही वाढल्या तरी देशातल्या सगळ्या तरुणांना काम पुरवू शकणार नाहीत. रोजगार निर्माण होईल तो असंख्य लहान धंद्यांतून, आणि असे पुष्कळ धंदे भांडवलाआधी माहितीअभावी अडतात. रुग्णालयाला, देवस्थानाला, शाळेच्या इमारतीला दिलेला पैसा वाया जातो असे मुळीच नाही. अन्नदान आणि विद्यादान यांची थोरवी आपल्याकडे सांगावी लागत नाही. तरीही या दानाचा एक विशेष नजरेआड होऊ नये : आयुष्यभर किचकट काम लहान पायऱ्यांत फोडून ते बिनचूक करण्याची जी विद्या त्यांनी कमावली, तीच त्यांनी चहावाल्याच्या आणि शिंपिणीच्या उपयोगाला लावली. त्यात पैसा लागला हे खरे, पण पैशाआधी विद्या लागली, आणि ती तर चिरंजीवापाशी आजच थोडीबहुत आहे.

म्हणून श्रीमंत झाल्यावर लांजीसाठी काही करू हा विचार मोडून काढावा, असा या पत्राचा आग्रह आहे. लांजीत आज काय अडते ते चिरंजीवाला बाहेरच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पापड-लोणची घालणाऱ्या बाया गोंदियाच्या दुकानदाराला माल देऊ शकत नाहीत, कारण खाद्य परवाना काढलेला नसतो. दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा परवाना, काढायला दलाल भरमसाट पैसे घेतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची केंद्र सरकारची नोंदणी, विनाशुल्क होते हेच कित्येकांना माहीत नसते, आणि तिच्याविना बँकेत दाद लागत नाही. बालाघाटच्या चिन्नौर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या सुवासिक वाणाचे नाव या जिल्ह्याबाहेरच्या मालाला लावता येणार नाही असे कायदेशीर संरक्षण मिळाले. पण त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून पाकिटावर ते छापणे आणि पाकीट नागपूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचवणे, हे काम करून देणारे माणूस गावोगावी हवे आहे. यातल्या कोणत्याही कामाला कंपनी लागत नाही. लॅपटॉप, चार सुट्ट्या, आणि समोरच्या माणसाला कमी न लेखता त्याचे कागद चाळण्याची चिकाटी एवढ्यावर ते सुरू होते.

तेव्हा चिरंजीवाने शेवटचे वर्ष पुरे करावे, आणि त्या वर्षाच्या प्रकल्पासाठी उसना विषय न घेता धान खरेदीच्या नोंदी किंवा एखाद्या राइस मिलचा हिशेब हाच विषय घ्यावा. मार्गदर्शक प्राध्यापकांना तो किरकोळ वाटला तर त्यातली अडचण त्यांना तक्ते मांडून दाखवावी. मित्रांसोबत कंपनी काढायचीच असेल तर ती पदवीनंतर, कोणाच्या तरी हाताखाली दोनतीन वर्षे काम शिकून काढावी, आणि कोणता एक विषय आपल्याला इतरांहून चांगला येतो याचे उत्तर तोवर ठरवून ठेवावे. दिवाळीला येताना खाद्य परवान्याच्या आणि उद्यम नोंदणीच्या अर्जांना कोणकोणते कागद लागतात याची मराठीत आणि हिंदीत यादी करून आणावी. शेजारच्या मावशींचे आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक तयार आहे. त्यांचाच अर्ज पहिला भरावा.