अंधेरीतली वखवख

तिसऱ्यांदा चिक्की नाकारली तेव्हा माझे हात कापत होते. सातवीतली एक मुलगी डबा पुढे धरून उभी होती, "मॅडम, एक तरी घ्या ना" म्हणत होती, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. बारा दिवस निभावले, आज कशाला मोडायचं? जागा होती दौलताबादच्या किल्ल्यातली अंधेरी, डोंगरात कोरलेला तो वळणावळणाचा काळोखा जिना. वटवाघळांचा उग्र वास, पोरांचा गलका, कुणाच्या तरी मोबाइलचा उजेड भिंतीवर नाचतोय. पुढे गाईड दुसऱ्या एका शाळेला सांगत होता, की इथे शिरलेल्या शत्रूला आपला कोण आणि परका कोण ते कळायचं नाही, अंधारात आपसातच कापाकापी व्हायची. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं ऐकत आलेय. त्या दिवशी माझ्या अंगात तेच चाललं होतं, मला पत्ता नव्हता इतकंच.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. मला मधुमेह सहा वर्षांपासून. आधी मेटफॉर्मिन होती, दोन वर्षांपूर्वी तिच्या जोडीला ग्लिमेपिराइड आली. त्या नोव्हेंबरात तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीए१सी, ८.४ निघाली. त्याच आठवड्यात माझी पुण्याची जाऊ घरी आली, नऊ किलो उतरवून. तिने काय केलं ते विचारलं, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात जाहीर केलं: भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद. डॉक्टरांना विचारायचं डोक्यातही आलं नाही. गोळ्या बदलायच्या असतील तर विचारायचं, जेवणाचं काय विचारायचं, असा माझा समज. हीच पहिली चूक, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातून निघाल्या.

महाराष्ट्रात खाण्याच्या पद्धतींच्या लाटा नव्या नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकरांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं सांगितलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही निम्मे लोक घड्याळ लावून जेवत होते. तिथे मुख्य मुद्दा वेळांचा होता. मी केलं ते वेगळंच. इकडून एक, तिकडून एक असं उचलून माझी मीच खिचडी शिजवली, आणि तिला लो कार्ब नाव दिलं.

भाकरी सोडणं म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे "जेवलात का" याचा अर्थ "भाकरी खाल्ली का" असाच असतो. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, त्यात पिष्टमय भाग ४० ते ४५ ग्रॅम. मी दिवसाला चार खायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीतून २०२५ मध्ये आलेला आकडा असा, की आपल्या ताटातल्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. मी बहुधा सत्तरच्या पुढेच असणार. म्हणजे कमी करायला वाव होता, नाही असं नाही. पण मी एका रात्रीत जवळजवळ शून्यावर आले.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले. मी सगळ्यांना सांगत सुटले. आता कळतं, त्यातलं बरंचसं पाणी होतं. शरीर साखरेचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उपसला की पाणीही जातं, आणि त्याच्या पाठोपाठ मीठ. चौथ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, आणि कसली म्हणून सांगू, लोणच्याच्या बरणीची ओढ. फोडी नकोत, खारच हवा. चमच्याने खार खाताना सासूबाईंनी पकडलं. "काय गं, या वयात डोहाळे?" म्हणाल्या.

आमच्या किल्ल्याची एक गोष्ट सांगतात. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा रामदेवराय यादव निर्धास्त होता, कारण किल्ल्यात धान्याच्या गोणींची थप्पी होती. गोणी उघडल्या तर आत मीठ. धान्य नाही म्हणून राजाने तह केला. माझ्याकडे उलटं झालं होतं, गोणीत मीठच नव्हतं. चिमूटभर जादा मीठ घातलेलं ताक दिवसातून दोनदा घेतलं असतं तर ते डोकं दुखणं बहुतेक दोन दिवसांत थांबलं असतं. ज्यांना रक्तदाब आहे किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे त्यांनी मात्र हे मनाने करू नये, आधी विचारावं.

भात-भाकरीच्या ओढीची गोष्ट निराळी. शाळेत पोषण आहाराची खिचडी पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची आणि चव रजिस्टरात सही करायची असते. त्या महिन्यात पाळी माझी. पातेल्याचं झाकण उघडलं की वाफेबरोबर पोटातून काहीतरी उसळून यायचं. एक चमचा चाखायच्या जागी मी तीन चाखायला लागले, आणि मग स्वतःचाच राग येऊन रात्रीचं जेवण अजून कमी करायचे. रात्री स्वप्नात धपाटे यायचे. थट्टा नाही. तीळ लावलेले, कडेने कुरकुरीत झालेले, वर लोण्याचा गोळा.

आणि अशात तो सहलीचा शनिवार आला.

सकाळी दोन अंडी खाल्ली, नेहमीप्रमाणे दोन्ही गोळ्या घेतल्या आणि बेचाळीस पोरं घेऊन नऊ वाजता निघाले. सरस्वती बावडी, हत्ती हौद, भारतमातेचं मंदिर, चांदमिनार, चिनी महाल, मेंढा तोफ, खंदकावरचा पूल. साडेअकराला अंधेरीच्या तोंडाशी. तोवर मी दोन पोरांवर काही कारण नसताना खेकसले होते. डिसेंबरच्या गारव्यात पाठीला घामाची धार लागली होती. छाती धडधडत होती, ओठांना मुंग्या, आणि गोडाची अशी वखवख, की पोरीच्या हातातला डबा हिसकावून घ्यावासा वाटला. मी तिला "नको" म्हणाले. तीनदा. ही जिभेची परीक्षा आहे, आणि मी पास होतेय, असं वाटत होतं.

अंधेरीतून बाहेर आलं की उघड्यावर पायऱ्या लागतात, वर गणपतीचं मंदिर, त्याहून वर बारादरी. मला त्यातल्या किती चढले ते आठवत नाही. मी बसले, मग आडवी झाले. त्याच मुलीने चिक्कीचा तुकडा माझ्या तोंडाशी धरला. सहलीला सोबत आलेल्या सरांच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी होती, त्यांनी बाटलीभर पाण्यात ती कालवून पाजली. मी शुद्धीत होते, गिळू शकत होते, हे नशीब. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, त्याला दवाखान्यातच न्यायचं. वीस मिनिटांनी उठून बसले. खाली गावात उतरून साखर तपासली तर ७४. एवढं गोड पोटात गेल्यावरची ही. आधी किती असेल?

डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, ही गोळी काय करते?" मी म्हटलं, साखर कमी करते. "आणि भाकरी काढून घेतल्यावर तिने काय कमी करायचं?"

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवा अथवा न जेवा. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचंही तसंच. जेवणातलं पिठूळ निम्म्यावर आणायचं तर त्याच दिवसापासून औषधाचा डोसही नव्याने ठरवावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच. आणखी काही गोळ्या आहेत, ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं. त्या गोळ्या चालू असताना पिष्टमय खाणं एकदम तोडलं तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, पोटदुखी, धाप अशी चाहूल लागली तर वाट पाहत बसू नये. गोळीच्या पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात खरं नाव असतं. चष्मा लावा आणि वाचा.

म्हणून आता कुणी मला विचारलं की तलफ आली की काय करता, तर मी आधी विचारते, कुठली तलफ? मला त्या सगळ्या एकच वाटायच्या, आणि सगळ्यांना एकच उत्तर होतं: दातओठ खाऊन बसणं. घाम, थरथर, धडधड यांच्यासकट जी येते तिच्याशी भांडायचं नाही. यंत्र जवळ असेल तर बोट टोचून पाहायचं. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, सुधारली नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरल्यावर काहीतरी नीट खायचं. चिक्की यासाठी बरी नाही, शेंगदाण्याच्या तेलामुळे तिची साखर सावकाश चढते. माझ्या पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते.

दुसरी तलफ घड्याळाची. माझी दुपारी चारची. शाळेत चहा यायचा तेव्हा बिस्किटांचा पुडा फुटायचा, वर्षानुवर्षं. ही भूक नसतेच, हाताला सवय असते. तिला मोडायला मला दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे दुपारचं जेवण भरीव करणं: मटकीची उसळ वाटीभर, एक अंडं किंवा पनीर, दही, आणि पालेभाजी तेलाला न कचरता. दुसरी, तोंडाला कुरकुरीत काहीतरी देणं. मूठभर फुटाणे, काकडी, कधी खारे शेंगदाणे. शेंगदाणे मात्र वाटीत काढून घ्यायचे. पिशवीतून खायला बसलं की मुठीचं माप राहत नाही, हे मी पाव किलोच्या अनुभवावरून सांगते. शनिवारी किल्ल्याखालून पेरू घेते, अर्धा, तिखटमीठ लावून. पेरू विकणाऱ्या मावशी आधी चिडायच्या, "अर्धा कोण घेतं बाई?" आता उरलेला अर्धा त्या स्वतः खातात. सीताफळाला मात्र मी लांबूनच नमस्कार करते. तिथे मला एकावर थांबता येत नाही, हे स्वतःबद्दल कळलंय.

उपवासांनी मला सर्वात जास्त फसवलं. "आज चतुर्थी, आज हलकंच" म्हणत साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला ८५ च्या वर, आणि प्रथिनं नावालाही नाहीत. खाल्ल्यावर दोन तासांत पोट पुन्हा हाका मारतं. पिठल्याबद्दलही माझा गैरसमज होता. भाकरीशिवाय पिठलं म्हणजे फुकट, असं समजून मी दोन-दोन वाट्या खायची. बेसनातही निम्म्याहून जास्त पिष्टच असतं.

सगळ्यात अवघड तलफ माणसांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वडी नाकारली की समोरची बाई दुखावते, आणि नकार देता देता माझंच मन वडीत अडकून बसतं. मग घरी येऊन चोरून तीन खायच्या. आता वडी घेते, रुमालात बांधून आणते आणि रात्री जेवणाच्या शेवटी एक खाते. रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोडापेक्षा ते बरं पडतं, आणि उद्याची वाट पाहायला काहीतरी राहतं.

सासूबाईंचं काय करायचं हे मला बराच काळ सुचलं नव्हतं. त्या ८१ वर्षांच्या आहेत, आजही परातीत थापून भाकरी करतात. बारा दिवस मी त्यांची भाकरी नाकारली, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ताटाशी येऊन उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी डोस बदलला आणि दोन्ही वेळा अर्धी भाकरी परत चालू करायला सांगितली, त्या रात्री मी त्यांना म्हटलं, आई, अर्धी द्या. त्यांनी अर्धी मोडून द्यायला नकार दिला. मोडकी भाकरी सुनेच्या ताटात वाढणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणाएवढी अख्खी भाकरी थापली, चांगली फुगलेली, पापुद्रा सुटलेली.

धपाट्यांची स्वप्नं त्याच आठवड्यात बंद झाली. सहा महिन्यांनी तपासणी ६.९ आली, वजन एकूण पाच किलो उतरलं. जावेच्या नऊपेक्षा कमी. पण तिचे नवापैकी सहा परत आलेत, हे तिनेच सांगितलं.

ती लहान भाकरी रोज होते. मी वजन करून पाहिलं, पीठ तीस ग्रॅम, कधी पस्तीस. सासूबाईंना वजनकाट्याचा राग येतो. त्या माझ्या भाकरीला "नैवेद्याची" म्हणतात, आणि बाकीच्यांच्या आधी तीच तव्यावर टाकतात.