घरची पवनचक्की

असोद्याच्या खळ्यांत धान्य उपणणारा शेतकरी वारा पडला कीं थांबतो. किती वारा हवा हें त्यास शिकवावें लागत नाहीं. पवनचक्कीचेंहि सर्व गणित वेगावरच आहे. वारा पात्यांस ढकलतो, पातीं आंस फिरवितात व आंसास जोडलेलें जनित्र वीज देतें. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याची शक्ति आठपट होते! कारण तेवढ्याच वेळांत दुप्पट हवा येते आणि तिच्या प्रत्येक कणांत चौपट शक्ति असते.

दोन मीटर व्यासाचें चक्र घ्या. सेकंदास ३ मीटर वाऱ्यांत त्यापासून सुमारें १५ वॉट, म्हणजे एका दिव्यापुरती वीज मिळेल. ६ मीटर वाऱ्यांत १२० वॉट, म्हणजे पंखाहि फिरेल. धुळे जिल्ह्यांत ब्राह्मणवेलच्या उघड्या पठारावर मोठ्या चक्क्या उभारल्या, त्या याच कारणास्तव.

आपल्या गांवीं केळीच्या बागेभोंवतीं शेवरी लावून आपण वारा अडवितों. घराशेजारचा निंबहि तसाच अडवितो. म्हणून चक्कीचा खांब झाडांहून बराच उंच हवा. पालकांनीं चक्की घेण्यापूर्वीं त्याच उंचीवर वेगमापक लावून वर्षभर टिपण ठेवावें. केवळ आषाढांतील वारा पाहून पैसे मोजूं नयेत. दिवाळीनंतरचे आंकडेहि वहींत असावेत.