मॉड पंथ, सोल संगीत आणि टिकलेली मैत्री

(द्वितीय वर्ष, कला)

‘उपसंस्कृती’ ही संकल्पना आमच्या समाजशास्त्राच्या टिपणांत अर्ध्या पानात आटोपते. व्याख्या, तीन वैशिष्ट्ये आणि उदाहरणादाखल ‘हिप्पी, मॉड, पंक इत्यादी’. एवढ्याशा ओळीत किती माणसे कोंबलेली असतील, असा विचार मनात आला आणि मी त्यातल्या एका नावाच्या मागे लागले. मॉड हा इंग्लंडमधील तरुणांचा पंथ. पंथ म्हणजे धर्म नव्हे. नीटनेटके कपडे, स्कूटर, नाच आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल संगीत एवढीच त्याची सामग्री. सोळाव्या-सतराव्या वर्षी लागलेला असा नाद दोन वर्षांत सुटतो, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात तो पुष्कळांना जन्मभर पुरला, आणि त्या नादातून जुळलेली मैत्रीही. हे कशामुळे घडले, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. प्रश्न परदेशातला असला तरी मला तो जवळचा वाटतो. बारावीपर्यंत आम्ही सहाजणी मागच्या-पुढच्या बाकांवर बसत होतो. त्यांतल्या चौघींची लग्ने झाली. चौघींचे नंबर माझ्याजवळ आहेत, पण बोलणे होत नाही.

मॉड हा शब्द ‘मॉडर्निस्ट’चा संक्षेप. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये आधुनिक जॅझ ऐकणाऱ्या काही तरुणांना हे नाव पडले. ही मुले बहुतांशी कामगार किंवा कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांतली : कुणी कचेरीत कारकून, कुणी दुकानात, कुणी कारखान्यात. सक्तीच्या लष्करी सेवेची शेवटची भरती १९६० साली झाली. त्यानंतर शाळा सुटली की हाती पगार येई आणि वस्तू हप्त्याने मिळत. इटालियन धाटणीचा अंगाबरोबर बसणारा कोट, अरुंद पायांची विजार, चकचकीत बूट, आणि स्कूटरवरून जाताना धूळ-पावसाने तो कोट खराब होऊ नये म्हणून वरून अमेरिकन सैन्याचा जुना, ढगळ पार्का. कोटाचा काप किती इंचांचा असावा, यावर ही मुले शिंप्याशी तासन् तास हुज्जत घालीत.

याला कोणी उधळपट्टी म्हणेल. माझे मत निराळे आहे. माझे वडील सूतगिरणीत कामाला आहेत. त्यांच्या डोक्यावर दिवसभर कापसाचा भुगा असतो. पण आठवड्याच्या बाजाराला जाताना ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात आणि त्यावर डाग पडलेला त्यांना मुळीच खपत नाही. ज्याला सहा दिवस कोणी ‘अहो’ म्हणत नाही, त्याला सातव्या दिवशी आपण कोण आहोत हे कपड्यांनीच सांगावे लागते. मॉड मुलांनी हेच केले. साहेबासारखा पोशाख साहेबापेक्षा चांगला करून दाखवला.

स्कूटरचा धागा मात्र थेट आपल्यापर्यंत येतो. पियाजिओ कंपनीने व्हेस्पा १९४६ साली काढली आणि इनोसेंटीने लॅम्ब्रेटा १९४७ साली. मॉड मुलांनी त्यांना डझनावारी आरसे आणि दिवे जडवले. आपल्याकडे मुंबईच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने लॅम्ब्रेटा बाजारात आणली, बजाजने १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवायला घेतली आणि पुढे १९७२ मध्ये त्याच घडणीची ‘चेतक’ आली. नवरा, बायको, पुढे उभे पोर आणि पायाशी गॅसची टाकी असा सगळा संसार वाहणारे ते वाहन तिकडे एकट्या पोराच्या मिरवण्याचे साधन होते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १९७२ मध्येच लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ने इनोसेंटीची यंत्रसामग्री विकत घेतली. त्यानंतर भारतात बनलेल्या लॅम्ब्रेटा ब्रिटनमधल्या हौशी मंडळींच्या हाती गेल्या.

बाहेरच्या जगाला मॉड ठाऊक झाले ते मारामारीमुळे. १९६४ साली ईस्टरच्या सुट्टीत क्लॅक्टन येथे आणि नंतर ब्रायटन, मार्गेट या समुद्रकिनाऱ्यांवर मॉड आणि मोटारसायकलवाले ‘रॉकर’ यांच्यात झटापटी झाल्या. वर्तमानपत्रांनी त्याचे रणकंदन केले. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाचा अभ्यास मांडला : प्रत्यक्ष नुकसान थोडे, पण बातम्या आणि भाषणे यांतून समाजाला एक राक्षस हवा होता तो सापडला. आमच्या परीक्षेत विचारतात ते एवढेच. परंतु या मुलांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, नाचघरात होती.

ती गोष्ट म्हणजे सोल संगीत. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल आणि ब्लूज यांच्या संगमातून ते जन्मले. रे चार्ल्सने १९५४ साली चर्चच्या गाण्याची आर्तता प्रेमगीतात आणली, तेव्हा भाविकांना ते पाखंड वाटले. डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात बेरी गॉर्डी याने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन १९५९ साली कंपनी काढली. तीच पुढे ‘मोटाउन’ म्हणून गाजली. गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. एका टोकाला सांगाडा आणि दुसऱ्या टोकाला तयार मोटार, ही पद्धत त्याने गाण्यांना लावली : लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, आणि अखेरीस दर्जाची तपासणी. ही गाणी मी प्रथम ऐकली तेव्हा शब्द निम्मेही कळले नाहीत. ताल नाचायला लावणारा आणि गळा मात्र रडवेला, ही त्यातली विसंगती तेवढी लगेच कळली. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

लंडनच्या वॉर्डूर स्ट्रीटवरील फ्लेमिंगो क्लबात मॉड मुले, वेस्ट इंडीजहून आलेले लोक आणि अमेरिकन कृष्णवर्णीय सैनिक एकाच छताखाली हे संगीत ऐकत. १९६६-६७ पर्यंत लंडनची हवा बदलली, तेथील मॉड पांगले. उत्तरेकडील गिरण्या-खाणींच्या मुलखात मात्र ही मुले जुन्या, वेगवान तालाला धरून राहिली. मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’मध्ये १९६३ पासून १९७१ पर्यंत रात्रभराचे नाच चालले. लंडनमधील डेव्ह गोडिन या तबकडी-विक्रेत्याच्या ध्यानात आले की, फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइके नवे काही मागतच नाहीत. त्याने १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकात या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव दिले.

येथून या कथेचा मला सर्वांत आवडणारा भाग सुरू होतो. ही मुले ज्या तबकड्यांसाठी जीव टाकीत, त्या बहुतेक अमेरिकेत पडलेल्या होत्या. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, न खपलेल्या, गोदामात धूळ खात असलेल्या. फ्रँक विल्सन या मोटाउनच्या निर्मात्याने १९६५ साली स्वतः एक गाणे गायले. त्याच्या नमुन्याच्या प्रती जवळजवळ सर्व नष्ट करण्यात आल्या. पुढे त्यातली एक प्रत इंग्लंडमध्ये पोचली. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून गायकाचे नाव झाकून, ‘एडी फॉस्टर’ असे खोटे नाव सांगून ती वाजवली गेली. २००९ साली तिची एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. किमतीचे मला तितके कौतुक नाही. बाजाराने नापास केलेल्या गाण्याला परक्या देशातल्या गिरणीकामगारांनी पास केले, याचे आहे.

या पंथाचे पंढरपूर म्हणजे विगन हे गाव. तेथील ‘विगन कॅसिनो’त २३ सप्टेंबर १९७३ रोजी ऑलनायटर, म्हणजे रात्रभराचा नाच, सुरू झाला. नाव कॅसिनो असले तरी जुगार नव्हे. ते एक जुने, भव्य नृत्यगृह होते. मध्यरात्री दोनला दार उघडे, सकाळी आठला संपे. मद्य मिळत नसे. मुले लांबलांबच्या गावांहून पिशवीत बदलायचा सदरा, टॉवेल आणि पावडरचा डबा घेऊन येत. पाय सहज घसरावेत म्हणून पावडर फरशीवर टाकीत. आपल्याकडे डीजे म्हटले की मिरवणुकीतली भोंग्यांची भिंत डोळ्यांपुढे येते. येथे डीजे हा माणूस होता, आणि त्याच्याजवळच्या पेटीत कोणती तबकडी आहे यावर त्याची पत ठरे. दर रात्रीच्या अखेरीस तीच तीन गाणी लागत. ती लागली की घरी जायचे, हे सगळ्यांना ठाऊक असे.

या नाचात जोडी लागत नाही. प्रत्येक जण एकटा नाचतो, पण सगळ्यांमध्ये. मुलीला कोणी मुलाने विचारेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहावे लागत नसे. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७० नंतरच्या दशकात तक्रार केली होती की, उपसंस्कृतींच्या अभ्यासात मुली दिसतच नाहीत. ती तक्रार रास्त आहे. मला तर वाचताना पहिला प्रश्न हाच पडला, की त्या मुलींना घरून रात्रभर सोडत कसे? आमच्याकडे स्नेहसंमेलन सातला संपले तरी साडेसातला फोन येतो.

सगळेच गोडगोड होते असे मात्र नाही. रात्रभर जागण्यासाठी उत्तेजक गोळ्या सर्रास घेतल्या जात, आणि त्यापायी काहींची आयुष्ये नासली. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक लागणारी. मॉडांतल्याच राकट शाखेतून १९६९ च्या सुमारास ‘स्किनहेड’ निघाले. ते जमैकाच्या संगीतावर नाचत आणि त्यांतले काही जण रस्त्यात भारतीय-पाकिस्तानी माणसे गाठून मारीत. कृष्णवर्णीयांच्या गाण्यावर प्रेम केल्याने माणूस आपोआप न्यायी होतो, हा समज यामुळे टिकत नाही. गाणे दुरून येते, शेजारी दारात असतो.

आता मैत्रीकडे वळू. या मंडळींची मैत्री टिकली ती स्वभाव जुळले म्हणून, असे मला वाटत नाही. लग्ने झाली, गिरण्या आणि खाणी बंद पडल्या, माणसे कामासाठी इतरत्र गेली. ती सगळी विखुरण्याची कारणे होतीच. परंतु त्यांच्यापाशी एक ठरलेली जागा होती आणि ठरलेली वेळ होती. कोणाला निमंत्रण द्यावे लागत नसे, न येण्याचे कारण सांगावे लागत नसे. वर्षभराने आले तरी तीच गाणी, तीच माणसे. शिवाय मध्यंतरी टपालाने तबकड्यांची अदलाबदल चाले, म्हणजे पत्र लिहायला निमित्त असे. माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत माया आटली असे नाही. आटली आहे ती जागा. शाळा सुटल्यावर आम्हां मुलींना पुन्हा एकत्र जमता येईल असे ठिकाण गावात नाही. मुलांना निदान पार आहे, चौक आहे. माहेरी आलेली मैत्रीण दोन दिवसांत परत जाते आणि ती येऊन गेल्याचे मला आठवड्याने कळते.

तिकडेही जागा कायमची मिळाली नाही. विगन कॅसिनोची अखेरची रात्र ६ डिसेंबर १९८१ रोजी झाली. शेवटची तीन गाणी लागली, पण कोणी हलेना. ती पुन्हा लावली, तरीही नाही. अखेर डीजे रस विन्स्टॅन्लीने पेटीतून एक तबकडी काढून लावली, ती फ्रँक विल्सनची निघाली. पुढे ती इमारत आगीत सापडली आणि १९८३ मध्ये पाडली गेली. मंडळी दुसऱ्या गावांतल्या सभागृहांत जमू लागली. लंडनच्या ‘१०० क्लब’मधील त्यांचे ऑलनायटर तर कित्येक दशके चालले. १५ जुलै २०२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, मोठ्या वाद्यवृंदासह हीच गाणी झाली.